इंग्रजीतलं उलट बोलणं

मोठ्या माणसांना उलट न बोलणारी सून अख्ख्या अंबडात कुणाला शोधायची असेल, तर त्याने सरळ आमच्या घरी यावं. लग्न झाल्यापासून मी कुणाला एक शब्द उलट बोललेली नाही. निदान मराठीत तरी नाही!

त्याचं असं झालं. आमच्या बाळाचं पोट फुगायचं. दिवेलागण झाली की तो रडायला लागायचा, आणि मी सबंध दिवस तो रडेल या धास्तीने त्याच्याकडे बघत बसलेली असायची. त्यातच घनसावंगीहून द्वारकाबाई आल्या. या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्या आल्या की आमच्या सासूबाईसुद्धा पदर सावरून उभ्या राहतात. आत्याबाईंनी बाळाच्या पोटावर टिचकी मारली, बाजारात टरबूज पारखतात तशी, आणि निकाल दिला, "डाग द्यावा लागतो. शनिवारी सुई तापवू. पोटावर दोन-चार टिंबं दिली की गप होतंय बघ."

मी बाळाला उचलून पोटाशी धरलं. तापलेली सुई, आणि बाळाचं ते इवलंसं पोट! पण बोलणार काय? "हे तुम्हाला कसं माहीत?" असं सुनेने आत्येसासूला विचारलं, तर आधी सुनेलाच डाग मिळायचा.

मी हैदराबादला कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे. आमच्या बाई म्हणायच्या, कुणी काही ठामपणे सांगितलं की एवढंच विचारावं, हे ज्ञान आलं कुठून? बाईंना सासू नव्हती. मला आहे, शिवाय आत्येसासूही आहे. म्हणून मी तोड काढली. विचारायचं, पण इंग्रजीत! समोरच्याला कळलंच नाही तर तो उर्मटपणा कसला?

दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या की पाळण्याचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. मी डोक्यावर पदर घेतला, खाली बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "हाऊ डू यू नो?" त्यांना ते बरंच वाटलं असावं. "गुणाची आहे," असं त्या सासूबाईंना म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं.

मग काय, माझी भीड चेपली! सासूबाई म्हणाल्या, तुझ्या डाळ खाण्यानेच बाळाला वारा धरतो. "व्हॉट इज द प्रूफ?" शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, लेकराला पांढऱ्या पायाच्या बाईने बघितलंय. "हू टोल्ड यू?" बाळाचं पोट फुगलेलंच होतं, पण माझं मात्र एकदम हलकं झालं.

शनिवार उजाडला. मी आपली समजूत घातली होती की आत्याबाई विसरतील. आत्याबाई काहीही विसरत नाहीत. चुलीपाशी बसून त्यांनी चिमट्यात सुई धरली, सुई लाल झाली आणि साळूबाईंनी बाळाचं झबलं वर केलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी म्हणे बाळावर झडप घातली. ओढाताणीत अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, आणि भिंतीला पाठ लावून मी असेल नसेल तेवढं सगळं इंग्रजी ओरडून काढलं. "हाऊ डू यू नो? हू टोल्ड यू? व्हेअर इज द प्रूफ?"

साळूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हिच्या अंगात आलंय."

मग चौकशी सुरू झाली. मागच्या महिन्यात मी जालन्याहून आले तेव्हा टांगा कुठे थांबला होता? बाळाला पाजायला थांबला होता. कुठे? जुन्या छावणीपाशी. तिथे काय आहे? गोऱ्यांचं कबरस्तान! मुकी सून एकाएकी इंग्रजी का बोलते, याचा उलगडा त्या तिघींनी पुराव्यासकट केला. आमच्या कॉलेजच्या बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

देवऋषी भुजंगला बोलावणं गेलं. तो आला, पाठोपाठ आमचे हे कचेरीतून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केसांच्या आडून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. पण हिला काही झालं नाही म्हणावं, तर हिने आत्याला शिव्या दिल्या असा अर्थ निघतो. कचेरीत मुरलेला माणूस! शांतपणे म्हणाले, "साहेबच दिसतोय."

भुजंगने राख फुंकली. "इचारा, काय पाहिजे त्याला?"

यांनी इंग्रजीत विचारलं. मी घोगरा आवाज काढून सांगितलं आणि यांनी त्याचा मराठीत उलथा केला, "लेकराला डाग द्यायचा नाही म्हणतोय."

सुटले असं मला वाटलं! पण भुजंग कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, "मंग बराबर इचारा त्याला. पलटणीतल्या माणसाला लेकराचं काय कळतंय? हे त्याला कुठून ठावं?"

आमचे हे माझ्याकडे वळले आणि मान खाली घालून म्हणाले, "हाऊ डू यू नो?"

आता आली पंचाईत! मी तर्कशास्त्राची सगळी प्रकरणं मनात उलटीपालटी केली. पोटफुगीवर कुठेही काही नव्हतं. बाळ माझ्या खांद्याला घट्ट बिलगलं होतं, चूल धगधगत होती आणि सुई अजून आत्याबाईंच्या चिमट्यात होती. मी म्हणाले, "आय अ‍ॅम हिज मदर."

हे गडबडले. पण कचेरीत हैदराबादहून येणाऱ्या उर्दू हुकमांचा अक्षरन् अक्षर मराठीत उलथा करायची सवय. तोंडातून निघून गेलं, "म्हणतोय... मी त्याची आई आहे."

संपलं, मी मनात म्हटलं. आता उद्याच माहेरची वाट!

आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अगं बाई, म्हंजे हा साहेब न्हाईच. मडम आहे! बाळंतपणात गेली असंल बिचारी." त्यांनी सुई पाण्यात टाकली. ती चर्र वाजली. "आईच नको म्हणून राह्यली, तर आपण कशाला डागायचं?"

त्या दिवसापासून आमच्या घरी डाग बंद आहेत. आता गल्लीतल्या बायकाही लेकरं घेऊन येतात. परवा एकीचं मूल रात्रभर रडत होतं. मी जवळ बसून तिला मराठीत चांगलं समजावून सांगायला लागले.

आत्याबाईंनी मला हाताने बाजूला सारलं. "तू गप गं. तुला काय कळतंय लेकरातलं? मडमेला येऊ दे."