संडासापुढचा फोटो

संडासाचा फोटो काढण्याआधी घरच्या बाईपुढं पावडरचा डबा धरणारा माणूस मी एकच पाहिला. मलूआप्पा.

उदगीरच्या पंचायत समितीत मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. नवा नियम असा आला, की संडास बांधल्याचा पुरावा म्हणून घरच्या माणसाला त्याच्या दारापुढं उभं करायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि तिथूनच सरकारच्या साइटवर चढवायचा. कागदी घोडे बंद, कारभार एकदम पारदर्शक. त्या वर्षी दुष्काळामुळं फारशी लग्नंच झाली नाहीत, म्हणून लग्नाचे फोटो काढणारे आप्पा रिकामे होते. साहेबांनी त्यांच्या हातात ऑफिसचा मोबाइल दिला आणि गावोगाव पिटाळलं.

प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, संडासात ओतायला कुणाकडं होतं? निम्म्या संडासांत कडबा रचलेला. बायका पदर ओढून म्हणायच्या, "तिथं उभं करून फोटो काढता? लेकीच्या सासरचे बघतील की."

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "मलाबी लई लाज वाटायली, आक्का. चला, दोघं मिळून लाजू."

मग पिशवीतून कंगवा, आरसा, पावडर निघायची. "मान जराशी डावीकडं. लग्नात उभ्या हाव असं समजा. उद्या उदगीर जिल्हा झाला की नव्या जिल्ह्यात पयला फोटो तुमचाच." जिल्हा काही झाला नाही. फोटो मात्र असे झकास यायचे, की मला ते नामंजूर करावे लागायचे.

"आप्पा, ह्यात संडास कुठाय?"

"हाय की मागं. बाईचं तोंड बघा, कसलं खुललंय."

"सरकारला तोंड नकोय, आप्पा."

"सरकारला नसंल. तिला पायजे की."

आणि बिचारे उन्हातान्हात परत त्या गावाला जायचे.

काम संपलं, मोबाइल जमा झाला, तरी आप्पा माझ्या टेबलाशी येत राहिले. "सर, माझ्या घराची एंट्री बघा जरा. हाय का जाग्यावर?" मी उघडायचो, ते वाकून बघायचे, "हाय" म्हणायचे आणि जायचे. ऑफिसला फुकटची करमणूक झाली. एकदा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आप्पा, तुमचा संडास कोण पळवून नेतंय?" सगळे खो खो हसले. आप्पाही हसले, खाली बघून.

परवा वरून आदेश आला. नवी साइट येणार, जुने फोटो पुसले जाणार. आप्पांना मी ते सहज सांगितलं, तसे ते खुर्ची ओढून बसले.

"मंग एकदा मोठा करून दाखवा."

केला. इतक्या वेळा तो फोटो मी उघडला होता, पण दर वेळी संडासच बघितला होता. दारापुढं एक बाई होती. हात ओले, केस कपाळावर आलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"आमची शांता. आखाडात गेली."

"दुसरा एखादा फोटो असेल की."

"न्हाई. आधारवर तर ती तिची आत्या दिसती. म्हणायची, माझाबी एक काढा की. मी म्हणायचो, तू कुठं पळून जायलीस, काढू." आप्पांनी पडद्यावर बोट टेकवलं. "त्या दिवशी लई घरं उरकायची हुती. भांडी घासताना उठवलं तिला. केस सारखे कर म्हणलो न्हाई. डोळे मिटले, तरी दुसरा घेतला न्हाई. संडास चांगला आला हुता, सर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संडास कापून नुसता चेहरा छापून देतो, म्हणालो.

"द्या. पण लेकींनी इचारलं, बाबा, आख्ख्या तालुक्याला नटवलं अन् आईलाच असं का काढलं, तर काय सांगू?"

आप्पा पडद्याकडं बघत होते. "जरा वेळ ऱ्हाऊ द्या तसंच," म्हणाले.

बाहेर रांग लागली होती. एकानं आत डोकावून विचारलं, "साहेब, चालू हाय का?"

मी स्क्रीन आप्पांकडं वळवली आणि त्याला सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे. बसा थोडं."

लोक सवयीनं खाली बसले.