दातानं ऐकणारे मुनीरचाचा

नांदेडात गाडी दुरुस्त करणारे ढीगभर सापडतील, पण गाडीला दात लावणारे एकच, आमचे मुनीरचाचा. इंजिन चालू करायचं, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ दातात धरायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बिलोलीचं असो की अर्धापूरचं, तोवर कुणी हलायचं नाही. मग पेचकस काढून, तोंड पुसून निकाल द्यायचा, "चेन सैल हाय, आतली." त्यांचा निकाल चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुमच्यावर लिहू का म्हणून परवा विचारलं, तर म्हणाले, "लिही. आता समदंच लिही. पण दाताचं नीट लिही."

आमची ओळख माझ्या स्पोर्ट बाईकमुळं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि नोकरीवर गाडी घेणाराही पहिलाच. जुनी घेतली, पण लाल घेतली. कंधारकडं आमच्या गावात ती शिरली, की बाप ओट्यावरून उठून उभा राहायचा. ती गाडी एका सकाळी चालूच होईना. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा डबा, सीडीआय, गेला होता. तसला डबा आता निघत नाही, गाडी भंगारात घाला, असं शोरूमवाला म्हणाला. मी दुसऱ्याच कंपनीचा डबा ऑनलाईन मागवला आणि चाचांपुढं ठेवला.

असलं कधी बसवलं नव्हतं, हे त्यांनी सरळ कबूल केलं. डब्यासोबत इंग्रजी पुस्तिका होती, गाडीगणिक वेगळं पान. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू ग्रॅज्युएट हाय ना? समोर बस. मान वर करून सांग. कागदात तोंड घालू नको."

मी ऐटीत समोर बसलो. एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची. चाचा माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "फिरून." मी फिरून सांगायचो. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं, बापानंसुद्धा. डिग्रीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

दुपारी डबा बसला. गाडी चालू झाली आणि खोकायला लागली. अ‍ॅक्सिलेटर पिळला, की फट् करून बंद. डबाच खराब निघाला, असं मी म्हणालो. माझ्या डोळ्यापुढं भंगारवाला दिसायला लागला.

चाचांनी पेचकस दातात धरला. बराच वेळ धरला.

"डबा चांगला हाय. ठिणगी अवेळी पडून राहिली. डब्याला ठिणगीची वेळ कळवणाऱ्या पिकअपच्या दोन वायरी उलट्या झाल्यात."

"चाचा, पुस्तिकेत तशाच लिहिल्यात."

"लिहिल्या असतील. दाताला खोटं लागून राहिलं."

त्यांना पटवून द्यावं म्हणून मी पुस्तिका उघडली आणि गार पडलो. सकाळपासून मी आमच्या गाडीच्या थोरल्या बहिणीचं, मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचं, पान वाचत होतो. दोघींच्या नावात एका आकड्याचा फरक. तोवर चाचा वाकून वायरी बदलत होते. मी त्यांच्या मागून म्हणालो, माझंच चुकलं. उत्तर नाही. मोठ्यानं म्हणालो. तरी नाही. लई रागावले असतील म्हणून पुढं जाऊन पान दाखवलं. त्यांनी मान वर करून माझ्या ओठांकडं बघितलं.

"काय म्हणलास?"

मला समोर का बसवलं होतं, ते तेव्हा कळलं.

"कान गेले रे कवाच," चाचा हळूच म्हणाले. "दात हायत. बोलू नको कुठं. बहिऱ्याकडं गाडी कोण टाकंल?"

मी शब्द दिला. त्यांनी वायरी जोडल्या, किक मारली. गाडी अशी गुरगुरली, की समोरचा पानवाला बाहेर आला. चाचांनी पेचकस लावला, डोळे मिटले. गाडी ठीक झाली होती, तरी बराच वेळ पेचकस दातातून काढेनात. मग इंजिन बंद केलं.

"घरी नातवंडं बोलून राहतात, हसून राहतात," ते म्हणाले. "तिथं पेचकस कुठं लावू?"

त्यांनी स्टूल ओढून माझ्यापुढं सरकवलं.

"बस. आता बरोबर पान सांग."

गाडी तयार होती, सांगायची गरज नव्हती. मी बसलो, मान वर केली आणि पहिल्या ओळीपासून सावकाश सुरू केलं.