एकाला दिलं की सगळ्यांना

प्रोफेसरांच्या अभ्यासाच्या खोलीत मेहुणा तंगड्या पसरून घोरत होता आणि प्रोफेसर दाराबाहेर स्टुलावर बसून दातओठ खात होते. उद्या सकाळी परदेशी पाहुण्यांसमोर त्यांचं भाषण होतं. विषय, बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारांची मूलतत्त्वं. गेल्या खेपेला हीच संधी कॉलेजातल्या एका चोंबड्या सहकाऱ्याने पटकावली होती. यंदा ती कशीबशी पदरात पडली, तर भाषणाचं एक अक्षर तयार नाही. होणार कसं? माणसाला बूड टेकायला जागा तर हवी!

तेवढ्यात सोफ्यावरून बहिणीने तोंड सोडलं. तिच्या घराला रंग देणं चाललं होतं, म्हणून ती शिलाई मशीनसकट मुक्कामाला आली होती.

"बायकोच्या भावाला खोली, आणि सख्ख्या बहिणीला सोफा! वा रे दादा!"

झालं, प्रोफेसरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घर आहे की धर्मशाळा? आजपासून इथे कराराचे नियम! पाहुण्याला घरच्यापेक्षा कमी वागणूक नाही, हा पहिला. आणि एका पाहुण्याला सवलत दिली की तीच सगळ्यांना, ताबडतोब, विनाअट, हा दुसरा! सगळ्यांना देणं परवडत नसेल, तर कुणालाच नाही!"

म्हणजे आता मेहुणा बाहेर, असा त्यांचा सरळ हिशोब. पण बहीण त्यांच्या वरताण निघाली.

"ताबडतोब ना? मग हो बाजूला," म्हणत तिने मशीन उचललं आणि खोलीत नेऊन थेट त्यांच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या क्षणी खडखड सुरू झाली. मेहुणा जागा झाला, तोही कुरकुरत.

मग दाराची बेल वाजली. खांद्याला गिटार लटकवलेला एक दाढीवाला आत आला आणि सरळ खोलीकडे निघाला.

"हा कोण आता?" प्रोफेसर ओरडले.

"माझा मित्र, भाऊजी. घरी त्याला वाजवू देत नाहीत. माझा कोपरा दिला त्याला."

"माझ्या खोलीतला कोपरा देणारा तू कोण रे?"

"तुम्हीच जेवताना सांगत होता ना, माल एकदा विकला की त्यावरचा मालकाचा हक्क संपला. पुढे तो कुणाकडे का जाईना!"

"अरे फुकट्या, मी तुला खोली विकली काय?"

"दिलीत ना? मग तेच की."

प्रोफेसरांना संताप आवरेना. चूक मेहुण्याची असती तर दोन लगावल्या असत्या. पण तत्त्वं त्यांचीच! आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी कागद बॅगेत कोंबले, दार धाडकन आपटलं आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. तिथे धड उजेड नव्हता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "काय सर, बाहेर काढलं वाटतं?"

आणि तिथेच त्यांचं डोकं चाललं. घरात मालकाला कोण विचारतं? सगळे लाड पाहुण्याचे! ते ताडकन उठले, केस नीट केले आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

बायकोने दार उघडलं.

"मी पाहुणा आहे," प्रोफेसर गुरगुरले. "मुक्कामाला आलोय. मलाही सवलत पाहिजे. ताबडतोब, विनाअट!"

बायको पदराला हात पुसत म्हणाली, "या ना, या! पण आमच्याकडे पहिला नियम पहिला. पाहुण्याला अगदी घरच्यासारखं वागवायचं. आमच्या घरच्या मालकांची आज भांड्यांची पाळी आहे. सकाळपासून टाळतायत."

प्रोफेसर तोंड उघडणार, तोच त्यांच्या हातात घासणी आली.

स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांचा डोंगर होता. "मीच का?" ते कडाडले. "एकाला दिलं की सगळ्यांना! घासण्या भरपूर आहेत! कोण कोण येतंय?"

मशीन थांबलं. गिटार थांबली. खोलीचं दार आतून हळूच बंद झालं आणि कडी लागली.

घरात चिडीचूप. प्रोफेसरांनी कान देऊन ऐकलं, नळ बारीक केला, कागद मसाल्याच्या डब्याला टेकवून उभे केले आणि कढई घासत खड्या आवाजात सुरुवात केली, "सन्माननीय पाहुणेहो..."

भाषण पार शेवटापर्यंत तयार झालं. तोवर स्वयंपाकघराकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.