मानकोजी नाइकांचे तीर उजवीकडे कां गेले

श्रीजगदंबेचे चरणीं मस्तक ठेवून, ज्यांनीं डोळां पाहिलें त्यांचे तोंडून ऐकिलें तेवढेंच लिहितों, पदरचें घालीत नाहीं. शके चवदाशें सत्तर, कीलकनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं, एका राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, दरड कोसळली आणि गड व पलीकडील चौकी यांमधील लाकडी पूल घळींत गेला. चौकींत एकवीस असामी, त्यांत दोघी लेंकुरवाळ्या, आणि दाणा एक दिवसाचा. घळींत पाणी मातलेलें, दुसरी वाट नाहीं. मग महाराजांनीं आज्ञा केली कीं, तिरास रेशमी दोरा बांधून पलीकडे मारावा, दोऱ्यामागें सुतळी आणि सुतळीमागें जाड दोर जावा आणि त्यावरून माणसें आणावीं. तिरंदाज सारे स्वारीस गेले होते. गडावर त्यांचे नाईक मानकोजी तेवढे होते, वय अठ्ठावन्न, नेमाविषयीं ज्यांची ख्याती मोठी.

नाइकांनीं तीर सोडिला, तो उजवीकडे खडकावर गेला. दुसरा सोडिला, तोही उजवीकडे. मग डावीकडे धरून तिसरा सोडिला, तो शेपूट हालवीत घळींत पडला. महाराज बोलिले, "वारा आहे काय?" नाईक म्हणाले, "वारा नाहीं." महाराज बोलिले, "दोन प्रहरपावेतों साधा. न साधलें तर आठ जण पोहणारे पाण्यांत उतरवूं." पाणी ऐसें कीं आठांतला एखादाच परतता.

तेथें चिमाबाई तीरगरीण होती. नवरा वारल्यापासून गडाचे तीर तीच करी. तिनें नाइकांस बाजूस घेतलें आणि पुसलें, "नाईक, ही कमान कोणती?" नाईक म्हणाले, "माझीच." ती म्हणाली, "तुमच्या कमानीजोगते तीर मी केले. ते असे जायचे नाहींत." मग नाइकांनीं मान खालीं घातली आणि सांगितलें, "गतवर्षीं घोड्यावरून पडलों, खांदा गेला. जुनी कमान कानापावेतों येत नाहीं. ही ओढायास हलकी आहे, वरून रंग तोच दिला."

"मग मला तरी सांगायचें."

"सांगतों तर नाइकी जाती, बाई."

चिमाबाई म्हणाली, "तीर सुटला म्हणजे काडी लवते, कमानीच्या दांड्यास वळसा घालते आणि मग सरळ होऊन जाते. तुमची कमान हलकी झाली, काडी ताठच राहिली. ती लवत नाहीं, दांड्यास घासून उजवीकडे फेंकली जाते." ऐसें बोलून तिनें काड्या तासून बारीक केल्या आणि एकेक काडी दोन खुंट्यांवर आडवी ठेवून मध्यें धोंडा टांगिला. जुनी काडी एक बोट लवली होती, नवी दोन बोटें लवली तेव्हां तिनें हात थांबविला. पहिला नवा तीर किंचित डावीकडे गेला. ती म्हणाली, "जास्त तासली," आणि नेमकी दोन बोटें लवणारी दुसरी काडी दिली. तो तीर सरळ जाऊन चौकीच्या दारांत रुतला. मग सुतळी गेली आणि दोर गेला आणि दिवस मावळायाचे आंत एकवीसही असामी अलीकडे आले. पोहणाऱ्यांस उतरावें लागलें नाहीं.

महाराज संतोष पावले आणि कडें देऊं लागले. नाइकांनीं तें घेतलें नाहीं, खांद्याचें सर्व वर्तमान निवेदन केलें. महाराज बोलिले, "आठ माणसें बुडतीं, आणि तुम्ही कमानीस रंग देत होतां." नाइकी काढून दुसऱ्यास दिली. मानकोजींस तीरगरिणीच्या कारखान्यांत नेमिलें आणि ताकीद केली कीं, स्वारीहून येईल त्या प्रत्येक तिरंदाजानें यांचे समोर कमान ओढून दाखवावी, मगच तीर द्यावे.

एकूण सारांश इतकाच कीं, स्वारी परतली आणि चाळीस जणांनीं कमान ओढिली, त्यांत सात जणांची ओढ सांगण्याहून हलकी निघाली. त्यांतले एक नवे नाईक होते. मानकोजींनीं त्यांचे खांद्यावर हात ठेविला आणि चिमाबाईस म्हणाले, "यांस दोन बोटें लवणारी काडी द्या."