देवरेकाकांची लाल रेघ

आमच्या सोसायटीत कुणाकडे लहान मूल पाहुणं आलं, की त्याला आधी खाऊ मिळत नाही. आधी त्याची उंची मोजली जाते. गाडीचं दार उघडायचा अवकाश, दुसऱ्या मजल्यावरचे देवरेकाका हातात अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पट्टी घेऊन पार्किंगमध्ये हजर. पट्टीला खाली रबरी बूच आणि वरच्या टोकाजवळ एक लाल रेघ. पोराला भिंतीला टेकवून उभं करायचं, पट्टी शेजारी धरायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल सांगायचा. "पास!" नाहीतर, "रिजेक्ट! हरकत नाय, रिवर्क होईल. दूध पाजा याला." पोराच्या आईबापांना वाटतं, महापालिकेची काहीतरी नवी मोहीम असावी.

माझा चिन्मय या पट्टीखाली दोन दिवाळ्या नापास झाला होता. तिसऱ्या दिवाळीला पास झाला तेव्हा काकांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि मला म्हणाले, "अभिनंदन, ताई. माल बरोबर उतरला."

काका अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार माल तपासायचा आणि त्यावर पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. मी पाथर्डी फाट्याजवळच्या या सोसायटीत राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून ते समजावलं होतं. "गेजला, म्हणजे माप तपासायच्या दांडीला, दोन बाजू असतात, ताई. एक गो, एक नो-गो. गो बाजू भोकात गेलीच पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये, म्हणजे भोक लहानही नाय आणि मोठंही नाय. एकच बाजू लावून माल पास करणारा इन्स्पेक्टर, तो इन्स्पेक्टर नाय, चोर हाय!" माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या. मी मान डोलावली आणि वर गेले.

कारखाना सुटला, पण तपासणी सुटली नाही. आमटीत मीठ जास्त झालं तर "टॉलरन्सच्या बाहेर गेलं." शेजारच्या गांगुर्ड्यांचा नवा जावई पाहून काकांनी अभिप्राय दिला, "पास हाय, पण आवाज करतो." काकू या सगळ्याला एकच उत्तर देतात. "माझ्या बापानं तुम्हाला न तपासता पास केलं, त्याचं हे फळ." काकू सटाण्याकडच्या, काकाही तिकडचेच. चारचौघांत दोघं मराठीच बोलतात. पण काका फार खूश झाले, की त्यांच्या तोंडून अहिराणी बाहेर पडते आणि 'हाय'चं 'शे' होतं.

काकांचं दुसरं वेड म्हणजे ट्रायल. "आधी ट्रायल, मग बॅच," हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर येणारच. कारखान्यात नवीन काम आलं की पहिला एकच नग काढायचा, तो तपासायचा, मग पुढचा माल. हाच नियम काकांनी संसाराला लावला. मनमाडहून गाडी पकडायची असली की आदल्या आठवड्यात रिकाम्या हातानं मनमाडला जाऊन प्लॅटफॉर्म बघून यायचं. निलेशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नात वरातीची सुद्धा ट्रायल झाली होती म्हणे. घोडा मिळाला नाही, म्हणून नवरदेवाला चुलतभावाच्या बुलेटवर बसवून कार्यालयापर्यंत नेऊन आणलं होतं.

आता ती लाल रेघ कुठून आली, ते सांगते.

निलेश बेंगळुरूला असतो. त्याची मुलगी ओवी तीनेक वर्षांची असताना तो सगळ्यांना कसारा घाटाखालच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कमध्ये घेऊन गेला होता. तिथे लहान मुलांसाठी पिवळ्या बदकांच्या होड्या आहेत. छोट्या गोल कालव्यातून बदकं संथ फिरतात आणि प्रत्येक बदकात एक मूल आणि एक मोठं माणूस बसतं. ओवीनं निळ्या टोपीचं बदक हेरून ठेवलं होतं. पण गेटवरच्या माणसानं तिला उंची मोजायच्या फळ्याशी उभं केलं आणि ती त्यावरच्या रेघेला दोन बोटं कमी पडली. पोरीनं जमिनीवर लोळण घेतली. काकांनी तिला उचललं आणि शब्द दिला, "पुढच्या वर्षी पास! तू आणि मी, याच बदकात." मग खिशातली सुतळी काढून फळ्यावरची रेघ मोजून घेतली. घरी आल्यावर पट्टी तयार झाली.

ते पुढचं वर्ष काही येईना. एकदा ओवीचा स्विमिंग कॅम्प आला, एकदा निलेशनं नोकरी बदलली, एकदा ओवीच्या आईचं माहेर मध्ये आलं. मग तर सगळं जगच घरात बसलं. दरवर्षी नवरात्रात काकांची तयारी सुरू व्हायची आणि दसरा झाला की बेंगळुरूहून फोन यायचा. फोन झाला की काका दारामागच्या खुंट्यांवर पट्टी टांगायचे आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतली पोरं मोजायला लागायचे. ओवी त्यांना भेटायची ती व्हिडिओ कॉलवर, म्हणजे गळ्यापर्यंत. मध्ये एकदा ती एका लग्नात भेटली होती, त्यालाही बराच काळ लोटला होता.

गेल्या वर्षी मात्र निलेशचा फोन आला, "बाबा, येतोय. नक्की." आणि आमच्या सोसायटीची शांतता संपली.

आम्हीही बरोबर जाणार होतो, त्यामुळे मी आयतीच तावडीत सापडले. दिवाळीच्या सुट्टीत अशा ठिकाणी काय झुंबड असते, ते काकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक सिद्धांत मांडला. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जायचं. सगळ्या बहिणी माहेरी, सगळे मेहुणे जेवून झोपलेले. पार्क मोकळं!" नवरात्र संपताच एसटीनं एकटेच जाऊन ते ट्रायलही करून आले. पूर्ण तिकीट काढून एकाही पाळण्यात न बसता परत आलेला त्या पार्कच्या इतिहासातला हा एकमेव माणूस असावा. पण स्वच्छतागृहं कुठे आहेत, सावली कुठे पडते, कुठली लाईन लवकर सरकते आणि कुठली अजिबात नाही, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "मोठ्या झोक्याची लाईन सगळ्यात वाईट," ते म्हणाले. "त्या बाजूला फिरकायचंच नाय. आणि ताई, बदकं हायेत अजून. निळ्या टोपीवालंही हाय. रेघ तीच हाय, मी मापून आलो."

मग पार्किंगमध्ये लाईनची तालीम झाली. हसू नका, मी स्वतः त्यात उभी होते. कुणाच्या मागे कोण, लघवीला कुणी गेलं तर त्याची जागा कोण धरणार, सगळ्यांचे मोबाईल काकूंच्या पिशवीत आणि लाईनमध्ये चकली खायची नाही, असे नियम ठरले. माझ्या नवऱ्यानं, मनोजनं, मागून विचारलं, "काका, श्वास घ्यायचा का?" त्याला रिजेक्ट करून शेवटी उभं केलं.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी निलेशची गाडी पार्किंगमध्ये आली. काका पट्टी घेऊन आधीपासून उभे होते. मागचं दार उघडलं आणि ओवी उतरली. उतरतच राहिली, असं मला क्षणभर वाटलं. चांगली उंच, सडसडीत, पोनी बांधलेली, जवळजवळ काकांच्या खांद्याला लागणारी. काकांनी तिला भिंतीला टेकवलं, पट्टी धरली, एक डोळा मिटला. लाल रेघ तिच्या पोटाजवळ आली. "पास!" काका एवढ्यानं ओरडले की गांगुर्ड्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. "दणक्यात पास!"

काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी बघा तरी किती उंच झालीय." काकांच्या ते कानापर्यंत गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एका भाड्याच्या मोठ्या गाडीतून भल्या सकाळी कसारा घाट उतरलो आणि पार्कच्या दाराशी पोचलो, तर अख्ख्या महाराष्ट्रातले मेहुणे जागे होऊन तिथे आलेले. गर्दी म्हणजे मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. दारावर पट्टी सिक्युरिटीनं ठेवून घेतली. काकूंनी पिशवीत लपवलेला चिवडाही सापडला, तेव्हा त्यांनी त्या रखवालदाराच्या हातावरच दोन लाडू ठेवले. "दिवाळी आहे बाबा, खा." चिवडा आत गेला, पट्टी बाहेर राहिली.

बाकीचे पुढे पांगले आणि काका, ओवी, चिन्मय आणि मी बदकांच्या लाईनला लागलो. लाईन गोगलगायीसारखी सरकत होती. पहिली काही मिनिटं ओवी कंटाळलेल्या चेहऱ्यानं उभी राहिली. हात दोनदा खिशाकडे गेला, पण फोन काकूंच्या पिशवीत. मग तिनं आजोबांना विचारलं, "तुम्हाला हे बदक इतकं का आवडतं?"

काका म्हणाले, "मला नाय, तुला आवडतं."

ओवीला काहीच आठवत नव्हतं. काकांनी तिला सगळं सांगितलं, लोळण घेतली होती त्यासकट. ती पोट धरून हसली. मग तीही बोलायला लागली. शाळेतली एक मैत्रीण अचानक बोलेनाशी झालीय, गणिताच्या तासाला ती मागच्या बाकावर लपून बसते, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. काका एकदाही पास-रिजेक्ट म्हणाले नाहीत. फक्त ऐकत होते. मग त्यांनी स्वतःची गोष्ट काढली. अंबडला कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मशीनचा आवाज ऐकून घाबरले आणि गेटबाहेर पळाले होते ती. इतकी वर्षं शेजारी राहून ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. गोष्ट गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत आली आणि आमचा नंबर लागला.

गेटवरच्या माणसानं चिन्मयला फळ्याशी उभं केलं आणि आत सोडलं. मग ओवीकडे पाहून मान हलवली. "ही नाही चालणार, काका. उंची जास्त आहे."

काका हसले. "जास्त हाय, म्हणजे पासच ना?"

त्यानं फळ्याकडे बोट केलं. खालच्या रेघेच्या बरंच वर दुसरी एक रेघ होती. तिच्या वरच्या मुलांना बदकात मनाई. "लहान मूल आणि सोबत मोठं माणूस, एवढंच चालतं. ही लहानात बसत नाही आणि मोठ्यात धरता येत नाही."

ती रेघ आज काढलेली नव्हती. रंग चांगला जुना होता. काकांनी त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. मागचे लोक "चला, चला" करायला लागले. नेमकं निळ्या टोपीचं बदक समोर येऊन थांबलं आणि त्यात चिन्मयला घेऊन मला बसावं लागलं. आयुष्यात इतकं नकोसं कुठलंही वाहन मला झालेलं नाही. प्रत्येक फेरीला कठड्यापलीकडे काका दिसत. हात रिकामे. मला फार वाईट वाटलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ते बाकावर बसले होते. ओवी शेजारी उभी होती. मला पाहून काका हळूच म्हणाले, "दोन बाजू असतात, ताई. मी एकच लावली. ती लहान हाय, कमी पडेल, एवढंच बघत बसलो. मोठी होईल, हे तपासलंच नाय."

मी चिन्मयचे ओले हात पुसायला लागले. बोलली ती ओवी.

"आजोबा, टपरीवर पुढे काय झालं? गोष्ट अर्धीच राहिली." काकांनी मान वर केली, तशी तिनं पुढे विचारलं, "इथे सगळ्यात मोठी लाईन कुठे असते?"

ते काकांहून चांगलं कुणाला माहीत असणार? ते उठले आणि जिकडे फिरकायचंच नव्हतं, त्या मोठ्या झोक्याच्या लाईनकडे तिला घेऊन निघाले. मी चिन्मयला आइस्क्रीम देऊन समोरच्या सावलीत बसले, तेव्हा ती दोघं शेपटाला उभी होती. काका हातवारे करून मशीनचा आवाज काढून दाखवत होते. पुष्कळ वेळानं त्यांचा नंबर आला. त्या झोक्याला काकांच्या वयाची माणसं चालत नाहीत, तसं तिथल्या फळ्यावर लिहिलेलंच होतं. ओवीनं फळा वाचला, आजोबांचा हात धरला आणि बाजूच्या फटीतून दोघं बाहेर पडली. मला वाटलं, आता आमच्याकडे येतील. ती दोघं वळली आणि पुन्हा लाईनच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी गाडीत निलेश कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, एवढा प्लॅन केलात आणि एका राईडमध्ये बसला नाहीत तुम्ही दोघं! दिवसभर केलंत काय?" काकांनी ओठांवर बोट ठेवलं. ओवी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिचे लांब पाय पुढच्या सीटखाली मावत नव्हते आणि तिची झोप मोडू नये म्हणून काका खांदासुद्धा हलवत नव्हते. दारावरून परत मिळालेली पट्टी त्यांच्या पायाशी आडवी पडली होती.

घाट चढून गाडी इगतपुरीच्या गार हवेला लागली, तेव्हा काकूंनी त्यांच्या अंगावर शाल टाकत विचारलं, "काय हो, झालं का मनासारखं?"

काकांनी खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं. एक डोळा मिटला नाही, की माप घेतलं नाही.

"पास शे," ते म्हणाले.