ब्रुकलिनचे पेढे

१९५५च्या ऑक्टोबरात, ऐन पितृपक्षात, बकारामभाऊंनी सिंदेवाहीत पेढे वाटले. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ब्रुकलिन जितलं."

पितृपक्षात आमच्या गल्लीत कोणी नवं धोतरही नेसत नसे. तरी पेढा कोणी परत केला नाही. ब्रुकलिनकडे मुलगा झाला की मुलगी, एवढंच काहींनी विचारून घेतलं.

बकारामभाऊ माझे शेजारी. आरागिरणीत लाकडं मोजत. ब्रुकलिन हा अमेरिकेतला बेसबॉलचा पगारी संघ. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवीत असे. ही पाठवली नाही. संपूर्ण जिल्ह्यात या खेळाचा दुसरा चाहता माझ्या ऐकण्यात नव्हता.

लढाईच्या काळात भाऊ आसामात रस्त्याच्या कामावर गेले होते. तिथे अमेरिकन पलटणीच्या भटारखान्यात लागले. जानी नावाच्या एका शिपायाने त्यांना चेंडू झेलायला शिकवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "म्हणून तर कधी भांडण नाई झालं," भाऊ सांगत. निरोपाच्या दिवशी जानीने आपला झेलायचा चामडी पंजा त्यांच्या हातात घातला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "ब्रुकलिन" म्हणाला आणि कानाला हात लावला. भाऊंनी अर्थ लावला: लढाई संपली की मी ब्रुकलिनकडून खेळीन, तू रेडिओवर माझं नाव ऐक.

तेव्हापासून ते ऐकत होते. गावात बॅटरीचा रेडिओ आरागिरणीच्या शेठकडे. खेळाच्या दिवसांत भाऊ सकाळी गिरणीच्या भोंग्याआधी तिथे हजर. अमेरिकेच्या स्टेशनवरचं इंग्रजी त्यांना कळत नसे. गावांची नावं, माणसांची नावं आणि आकडे कळत. त्यावर ते पूर्ण सामना उभा करून आम्हाला चहाच्या टपरीवर सांगत.

"न्यूयॉर्क अन् ब्रुकलिन म्हणजे एकाच गावचे दोन मोहल्ले. पैसा त्यायचा, जिद आपली."

"अन् जितते कोण?" टपरीवाला विचारी.

"पैसा," भाऊ प्रामाणिकपणे सांगत.

बेसबॉलात मारणारा फळी टाकून पळतो, हे मात्र गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. "फळी टाकून पळाले तो काय चोर हाय?" असं पाटलांनी एकदा भर टपरीवर विचारलं. भाऊ दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत.

पंजाला ते जवसाचं तेल लावत. आंबे उतरवायच्या दिवसांत त्यांना आमराईतून बोलावणी येत. झाडावरचा माणूस आंबा टाकी आणि भाऊ खाली पंजा पसरून उभे. त्यांच्या हाताखालचा आंबा ठेचलेला मी पाहिला नाही.

"तीन चुकल्या, जा घरी" हा त्यांचा कायदा; बेसबॉलात तीन चेंडू हुकले की मारणारा बाद. दुधाशी आलेल्या मांजराला तो लागू होता, मापात मारणाऱ्या वाण्यालाही. समोरच्या घरची मुलगी बघायला एक पाहुणा तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा "विचार करून सांगतो" म्हणाला. भाऊंनी दारात उभं राहून हात वर केला. "तीन झाल्या. जा घरी." पाहुणा गेला. मुलीने भाऊंना चहा करून दिला.

कायद्याला अपवाद एकच होता, आणि तो त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, बरोबर हेरला होता. "मांजराले तीन, पाहुण्याले तीन, अन् जानीले बारा वरसं?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाला गेला समजून पितृपक्षात त्याच्या नावाने पान ठेवावं, अशी आमच्याकडची रीत. हे बारावं वर्ष. भुकेला आत्मा परदेशात कुठी फिरून राह्यला असेल, याची सीताबाईंना खरोखर काळजी होती. त्यांनी भटजींना बोलावलं.

"नाव?"

"जानी."

"बापाचं नाव?"

"नाई माहीत."

"गोत्र?"

"ब्रुकलिन," भाऊ म्हणाले आणि उठले. "जित्या माणसाले पान ठेवाचं?"

शेवटी नवराबायकोत ठरलं. हा मोसम ऐकायचा. नाव आलं तर पान नाही. नाही आलं तर सर्वपित्रीला पान ठेवायचं.

तेंदूपत्त्याच्या हंगामात मोसम सुरू झाला आणि ब्रुकलिन जिंकतच सुटलं. धानाची रोवणी झाली, निंदण झालं, ब्रुकलिन वरच. शेवटची झुंज न्यूयॉर्कशीच पडली. पहिले दोन सामने ब्रुकलिन हरलं, तेव्हा भाऊ गिरणीत एकच ओंडका दोनदा मोजून आले. मग तीन जिंकले, एक हरले. निकाल शेवटच्या सामन्यावर आला.

त्या सकाळी ते मला रेडिओपाशी घेऊन गेले. "तुमाले इंग्रजी येते. मी आकडे पाहतो, तुमी नाव पाहा."

बातमी आली. ब्रुकलिन जिंकलं होतं. खेळाडूंची नावं सांगितली गेली. शेठ टाळ्या वाजवत होते. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. भाऊ माझ्याकडे पाहत होते.

"आलं?"

"नाई आलं."

त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. त्याला हात लावायची शेठ कोणाला परवानगी देत नसत. त्या दिवशी अडवलं नाही.

"ब्रुकलिन जितलं तर हाय ना," भाऊ म्हणाले आणि हलवायाकडे निघाले.

सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. वडिलांच्या नावाचं पान भाऊंनी कौलांवर ठेवलं. त्याला कावळा लगेच शिवला. जानीचं पान मात्र त्यांनी उचलून आत आणलं, आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला आणि त्यावर पंजा ठेवला.

सीताबाई पळी घेऊन उभ्या राहिल्या. "अवो, हे पान बाहेर ठेवाचं असते."

"जेवाले आलेला माणूस बाहेर काऊन बसन?"

त्यांनी भाजीची पळी भरली आणि पंजाकडे पाहिलं.

"तिखट चालते का त्याले?"

"नाई. डोऱ्यातून पाणी येत होतं त्याच्या."

सीताबाई चुलीकडे गेल्या आणि त्या पानासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी करून आणली.