वानखडे सर आणि दुखण्याची दारं

आमच्या पुसदच्या गल्लीत कुणी "आई गं!" म्हणून ओरडलं, की सगळे विचारतात, काय लागलं? शेजारचे वानखडे सर तेवढे कुंपणावरून विचारतात, "कोणतं दार उघडलं?"

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही संपला नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या नसांच्या टोकांना डोळ्यांना न दिसणारी इवली इवली दारं असतात. एक चटक्यानं उघडतं, एक गारठ्यानं, एक चेंगरल्यानं. उघडलं की विजेनं भारलेले कण आत शिरतात, नस सळसळते आणि मेंदूला निरोप जातो: हात काढ!

मी हे शिकले ते नाचत नाचत. नवी नवरी होते, अक्कल माहेरी विसरून आलेली. तिखट कांडताना सासूबाई म्हणाल्या, हाताले तेल लाव. "मले काही होत नाही, मी मारेगावची आहो!" थोड्या वेळानं हात पेटले, तर शहाणीनं ते कढत पाण्यात बुडवले. उन्हात लाल धूळ तरंगत होती आणि तिच्यात मी गिरक्या घेत होते. तेव्हाचे तरुण सर धावत आले. "वहिनी, मिरची अन् विस्तव एकच दार उघडते! उघड्या दारात अजून गरम ओतून राह्यल्या तुम्ही? तेल चोळा!"

"आग लागो तुमच्या दाराले!" मी किंचाळले. येडाच माणूस, वाटलं.

मग सरांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, साखरेचा आजार जडला आणि तळपायांची दारं उघडेनाशी झाली. एका वैशाखात बाई तापल्या गच्चीवर अनवाणी कुरडया घालत बसल्या, चक्क गुणगुणत. तळव्यांचे फोड पाहिले ते सरांनी. तेव्हापासून त्यांना एकच धाक: हिला भाजेल आणि हिलाच कळणार नाही. तिच्या अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर घालतात, तिच्या चपलेत खडा नाही ना म्हणून बोटं फिरवतात. मी विचारलं, काहून एवढं? "तिच्या पायाचा निरोप आता मलेच घ्या लागते, वहिनी."

परवा संध्याकाळी कढी द्यायला गेले. हवेत सावरीचा कापूस तरंगत होता. ओसरीवर बाई डोळे मिटून पडलेल्या, आणि म्हातारा बायकोच्या पायाला चिमटे काढत होता! मी खांबाआड थांबले. चोरून बघायची खोड माझी जुनीच.

"आता?"

"नाही जी."

"आता?"

"नाही."

सरांचा आवाज बारीक झाला. "अन् आता?"

"हो हो, कळलं! अंगठ्याले."

सरांची चिमूट अजून हवेतच होती. मग हात हळूच तिच्या अंगठ्यावर टेकवला.

"पाह्य," ते म्हणाले, "मी सांगत होतो ना, दार उघडते म्हणून."